मनातला कडूपणा आणि क्षमा : महिला मंडळात हा विषय नेमका कसा घ्यावा?

नवापूरची_ताई

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळात दिवाळीआधीचे चार बुधवार 'कडूपणा आणि क्षमा' हा विषय घ्यायचं ठरलंय. दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, म्हणून त्याआधीच उरकायचं आहे. काही जणी वाचणाऱ्या, काही नाहीत. घरात कुणाची मावची, कुणाची अहिराणी.

बायबलमधली वचनं सगळ्यांना ठाऊक आहेत. मत्तय १८, इफिस ४:३२, इब्री १२:१५ मधलं कडूपणाचं मूळ. 'क्षमा करा' म्हटलं की सगळ्या माना डोलावतात, अडतं ते पुढे. दर वेळी हेच प्रश्न येतात :

भावाने गोड बोलून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. क्षमा केली तर दावा सोडून द्यायचा का?

देवासमोर माफ केलं, पण बाजारात ती बाई दिसली की पोटात गोळा येतो. मग ती क्षमा खोटी होती का?

समोरचा स्वतःची चूकच मानत नाही. तरी क्षमा करायची?

नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतले वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, सांगतात, 'साताच्या सत्तर वेळा' क्षमा कर.

आणि भांडणापायी कित्येक जणी वर्षानुवर्षं प्रभुभोजन (मंडळीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेत नाहीत. त्यांना काय सांगायचं?

उपदेश नको आहे, तो आम्हीही करतो. वर्गात प्रत्यक्ष काय करून घ्यायचं ते सांगा.

---

तापीकाठचा_पाळक

ताई, जय ख्रिस्त. सगळ्यात आधी वर्गापुढे तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवा : क्षमा, समेट आणि विश्वास. क्षमा एकटीने, देवासमोर करता येते. समेटाला दोघं लागतात. विश्वास समोरच्याच्या वागण्यातून, हळूहळू उभा राहतो. आपल्या मंडळ्यांमध्ये या तिन्हींची एकच मोळी बांधून बाईच्या डोक्यावर ठेवतात आणि तिला ती उचलवत नाही म्हणून तिचाच विश्वास कमी आहे असं ठरवतात. तुमच्या निम्म्या प्रश्नांचा गुंता इथे सुटेल.

पहिला बुधवार. मत्तय १८:२३ पासूनचा दाखला घ्या (राजाने दासाचं कर्ज सोडलं, पण त्या दासाने सोबतच्या दासाचं देणं सोडलं नाही), पण आकडे नीट समजावून. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). एक तालंत म्हणजे साधारण ६,००० दिनार. राजाने सोडलेलं कर्ज १०,००० तालंतांचं, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. ते कुणाच्याही सात पिढ्यांना फिटणारं नव्हतं. पण दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो उपदेशात नेहमी गिळला जातो. सोबतच्या दासाचं देणं १०० दिनारांचं होतं, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मजुरी. ते किरकोळ नव्हतंच. तुमचं नुकसान क्षुल्लक आहे असं प्रभू कुठेही म्हणत नाही. जे खरोखर देणं आहे, तेच सोडायला सांगतो. हे ऐकल्यावर बायकांचे खांदे सैल होतात, कारण आजवर त्यांना 'एवढं काय मनाला लावून घेतेस' हेच ऐकवलेलं असतं.

म्हणून पहिल्या दिवशी क्षमेची प्रार्थना घेऊच नका. त्या दिवशी फक्त देणं मोजायचं, चार अंगांनी. नेमकं काय घडलं. त्यात माझं काय गेलं : पैसा, अब्रू, झोप, माहेर. त्यावर मी काय केलं : बोलणं टाकलं, शिव्याशाप दिले, चार घरी सांगत फिरले. आणि आजही मला त्याच्याकडून काय हवंय. चौथा प्रश्न टाळू नका. बऱ्याच जणींना उत्तर देताना पहिल्यांदाच कळतं की पैसे परत नको आहेत, त्याचं वाटोळं झालेलं बघायचं आहे.

हे सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. पाड्यावर संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचतं आणि मग एका भांडणाची तीन होतात. दोघीदोघींच्या जोड्या करा. जोडीतल्या बायका एकमेकींच्या सोयऱ्या नकोत. आपल्याकडे ते अवघड आहे, तरी निदान त्या भांडणाशी नातं नसलेली जोडीदारीण द्या. जिला बोलायचंच नाही तिने एकटीने देवाला सांगावं, ज्या बोलीत ती घरात रडते त्याच बोलीत. सोबत स्तोत्र ५५:१२-१४ वाचा, शत्रूने नव्हे तर जवळच्या सोबत्याने केलेल्या घाताचं गाऱ्हाणं आहे ते. स्तोत्र १०९ सुद्धा वाचायला घाबरू नका. त्यात दावीद जळजळीत शाप बोलतो, पण देवाजवळ. स्वतः उठून कुणाच्या दारात जात नाही.

दुसरा बुधवार. आता प्रार्थना, मोठ्याने आणि नेमकी. नमुना असा : 'प्रभू, अमक्याने अमुक केलं. त्यामुळे माझं अमुक गेलं आणि मला फार लागलं. याचा सूड उगवण्याचा आणि त्याचं वाईट व्हावं असं मागण्याचा माझा हक्क मी आज तुझ्या हाती देते. न्याय तू कर. माझ्याकडून जे वाईट झालं त्याची मला क्षमा कर.' आधार रोम १२:१९. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे 'प्रभू, मी सगळ्यांना सगळं माफ केलं' अशी मोघम प्रार्थना. ती टिकत नाही, कारण दुसऱ्या दिवशी आठवण मोघम येत नाही. तो अंगठा, तो शब्द, ते लग्नात न बोलावणं असं एकेक समोर उभं राहतं. दुखापती पाच असतील तर पाचही वेगवेगळ्या सोडाव्या लागतात. एका बैठकीत सगळ्या होत नसतील तर सर्वांत हलकीपासून सुरुवात करू द्या.

तिसरा बुधवार फक्त दुसऱ्या प्रश्नासाठी ठेवा : पुन्हा येणारा राग. शेतातली हरळी वरून कापली की आठ दिवसांत परत दिसते. तिच्या काशा खणून वेचाव्या लागतात आणि एका पाळीत ते होत नाही. कडूपणाच्या मुळाचंही तसंच. पोटात गोळा येणं ही शरीराची आठवण आहे, ते पाप नाही. त्यानंतरच्या दोन मिनिटांत आपण काय करतो ते आपल्या हाती. मनात तिच्याशी भांडण सुरू झालं की तिथेच थांबायचं आणि ठरलेलं एक वाक्य म्हणायचं : 'प्रभू, हे मी तुझ्याकडे दिलं आहे.' लगेच तिच्यासाठी एक ठोस आशीर्वाद मागायचा (लूक ६:२८). 'तिचं भलं कर' एवढंच नको. तिच्या पोराचा ताप, लेकीची दहावी, विहिरीचं पाणी असं काहीतरी मागायचं. सुरुवातीला शब्द कोरडे वाटतात. चालतं.

दुसरा नियम जास्त कठीण आहे. महिनाभर ती गोष्ट कोणालाही परत सांगायची नाही. देव, प्रार्थनेची जोडीदारीण, आणि प्रकरण असेल तर वकील किंवा पोलीस, एवढेच अपवाद. पाण्यावर, रेशनच्या रांगेत, सोयरीक जुळवताना हीच गोष्ट पुन्हा निघते, आणि दर वेळी सांगताना त्यात थोडी भर पडते. क्षमा मोडते ती बहुतेक इथे.

फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं? दुखणं संपलं का हे विचारू नका. ती समोर दिसली म्हणून रस्ता बदलला का, तिच्या घरी वाईट घडल्याची बातमी ऐकून आत कुठे बरं वाटलं का, हे विचारा.

चौथ्या बुधवारी योसेफ घ्या. सतराव्या वर्षी भावांकडून विकला गेला (उत्पत्ति ३७:२), तिसाव्या वर्षी फारोपुढे उभा राहिला (४१:४६), मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २ (४५:६). म्हणजे २२ वर्षांनी ओळख दिली. तीही भाऊ धान्याला आले त्या पहिल्या दिवशी नाही. आधी पारख केली, आणि धाकट्या बन्यामीनाच्या बदल्यात भाऊ यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हा गळ्यात पडला. पुढे बाप याकोब मिसरात १७ वर्षं जगला (४७:२८), आणि बाप गेल्यावर भाऊ पुन्हा घाबरले, 'आता हा सूड घेईल' म्हणून (५०:१५). म्हणजे क्षमा मिळून १७ वर्षं झाली तरी अपराध्यांच्या मनात विश्वास पुरता बसला नव्हता. चार बुधवारांत घरं जुळत नाहीत ही निराशा वर्गाला येणार आहे, तेव्हा हा हिशेब कामाला येईल.

---

सातपुडा_समुपदेशक

पाळकसाहेबांच्या तीन भागांना पूर्ण अनुमोदन. चौथ्या प्रश्नावर मात्र अगदी स्पष्ट बोलायला हवं.

मारहाण चालू असताना 'साताच्या सत्तर वेळा' हे वचन बाईला परत त्याच खोलीत ढकलण्यासाठी वापरणं हा वचनाचा गैरवापर आहे. १ शमुवेल २४ आणि २६ वर्गात वाचा. दावीदाने जिवावर उठलेल्या शौल राजाला दोनदा जिवंत सोडलं. शौल रडला, 'माझ्या मुला, परत ये' म्हणाला (२६:२१). दावीदाने त्याचा उचलून आणलेला भाला परत केला, पण राजवाड्यात गेला नाही. आपल्या वाटेने निघून गेला (२६:२५). मनात सूड नाही आणि अंतरही राखलं आहे, दोन्ही एकाच माणसात. पौलाचंही बघा. त्याचं फार वाईट केलेल्या आलेक्सांद्र तांबटाचा न्याय तो प्रभूवर सोडतो आणि त्याच दमात तीमथ्याला म्हणतो, तूही त्याच्यापासून जपून राहा (२ तीमथ्य ४:१४-१५).

प्रत्यक्षात करायचं ते असं. आत्ता धोका असेल तर ११२. महिलांची मदतवाहिनी १८१. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन ती कशी झाली हे खरं सांगायचं आणि एमएलसी (पोलिसांच्या कामी येणारी वैद्यकीय) नोंद करायला लावायची. 'पाय घसरून पडले' असं एकदा कागदावर आलं की पुढे ते खोडून काढणं जड जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. संरक्षणाचा, त्याच घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मिळू शकतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदाच म्हणतो. एक जोडी कपडे, आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि मुलांचे दाखले शेजारच्या विश्वासू घरी आधीच ठेवायला सांगा.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मंडळीत 'समेट' हा विषयच नाही. पोक्सो कायदा २०१२, कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. पाळक आणि वडील यातून सुटत नाहीत. मुलांसाठी १०९८.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कुणी वर्गात असतील तर आणखी एक जखम निघेल : डाकीण ठरवलं जाणं. अशा बाईला 'माफ कर आणि विसर' सांगण्याआधी तिच्यावरचा आरोप खोटा आहे हे मंडळीने गावासमोर बोलायला हवं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिच्या बाजूने आहे.

आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात असं कुणी सांगितलं, तर तिला क्षमेचा धडा देऊ नका. त्याच दिवशी कुणीतरी तिच्यासोबत राहावं, डॉक्टरकडे न्यावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं.

---

दिवाणी_वकील_धुळे

ताई, पहिल्या प्रश्नाचं थेट उत्तर : नाही, क्षमा केली म्हणून दावा आपोआप सोडायचा नसतो. आणि मनात क्षमा चालू आहे म्हणून मुदतही थांबत नाही. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं (मुदतीचा कायदा १९६३, अनुच्छेद ५९). फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला १५ दिवस. 'प्रभू बघेल' म्हणत हे दिवस गेले की नंतर राग दुप्पट होतो आणि त्यात स्वतःवरचाही राग मिसळतो.

हक्क किती आहे हे आधी माहीत हवं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं. मुलगा-मुलगी असा भेद नाही. विधवा हयात नसेल तर सगळं मुलांमध्ये समान. खातेदार आदिवासी असेल तर हिशेब आणि जमिनीचे नियम वेगळे पडू शकतात, तेव्हा सातबारा आणि जातीचा दाखला वकिलाला दाखवूनच पुढे जा. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. साध्या कागदावर किंवा स्टॅम्पवर अंगठा घेतला असेल, तर बहिणीने हक्क गेला असं समजून बसू नये.

आता क्षमेचा संबंध. १ करिंथ ६ मध्ये पौल भाऊ भावावर फिर्याद करतो याची लाज काढतो, पण त्याचा पहिला प्रश्न 'निवाडा करायला तुमच्यात एकही शहाणा नाही का?' असा आहे. म्हणून आधी मंडळीतले दोन शहाणे, दोन्ही घरांशी सोयरीक नसलेले, बसवा. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा समोर ठेवून. ठरलं ते तोंडी सोडू नका. तोंडी वाटणी पुढच्या पिढीत मोडते आणि कडूपणा वारशाने जातो. दावा चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत नोंदवा. तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं कोर्ट फी परत मिळतं. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. महिलांना तिथे मोफत वकीलही मिळतो.

मंडळीत बसून सुटत नसेल तर दावा लावा, पण त्यात सूड मिसळू नका. जमिनीच्या वादाला जोर यावा म्हणून भावाच्या पोरावर खोटी फौजदारी तक्रार टाकणं, वादपत्रात वहिनीच्या चारित्र्यावर लिहिणं, तडजोड शक्य असताना केवळ खेटे घालायला लावण्यासाठी तारखा वाढवणं. क्षमा केलेल्या माणसाचं काम इथे ओळखू येतं. आपला हिस्सा मागणं वेगळं, त्याला रस्त्यावर आणणं वेगळं.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण वर्गात जरूर सांगा. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमथी ही दोन मुलं जीपमध्ये जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपद्यात कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र त्याच्या वाटेने चालला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेने खटला थांबला नाही आणि खटल्याने क्षमा खोटी ठरली नाही.

---

बिरुया_भुसावळ

पाळकसाहेब, एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. लूक १७:३ स्पष्ट आहे : भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. अट आहे. समोरचा मिशीवर ताव देत फिरतोय आणि आपण सरसकट क्षमा वाटतोय, याने मंडळीत पाप झाकलं जातं. देवही पश्चात्तापाशिवाय क्षमा करत नाही. शिवाय भरपाईचं कुणीच बोलत नाही. गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे. जकातदार जक्कय तर चौपट द्यायला उठला (लूक १९:८). मंडळीच्या फंडातले दहा हजार खाऊन कुणी 'माफ करा' म्हणाला तर बारा हजार भरायचे, मग बोलायचं.

---

तापीकाठचा_पाळक

भाऊ, भरपाईबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे आणि ते वर्गात यायला हवं. जिने दुसरीचं नुकसान केलंय तिला नुसतं रडून सुटका नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, दोघांसमोर लिहून घ्या.

पश्चात्तापाचं थोडं वेगळं मांडतो. मार्क ११:२५ मध्ये प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असलं तर क्षमा करा असं आहे. तिथे समोरचा हजरच नाही, अट कुठून घालणार? प्रभूने वधस्तंभावरून प्रार्थना केली तेव्हा शिपाई चिठ्ठ्या टाकत होते (लूक २३:३४). म्हणून मी दोन्ही वचनं अशी बसवतो : सूड सोडणं आजच, एकटीने, 'आपल्यात मिटलं' हा शब्द देणं त्याने चूक मानल्यावर. लूक १७ मधला 'दोष दाखव' हा भाग तुम्ही म्हणता तसा आम्ही गाळतो, हे मान्य. मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळावा : आधी एकट्याने एकांतात, मग एकदोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे उलटं चालतं. आधी सगळ्या मंडळीला कळतं, सर्वांत शेवटी त्या माणसाला. एखाद्याने शिक्षेनंतर खरंच माघार घेतली तर त्याला तसंच बाहेर ताटकळत ठेवू नये. २ करिंथ २:७ मध्ये पौल त्याचीही काळजी करतो.

---

नवापूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांची मुदतीची माहिती मी पहिल्याच बुधवारी देणार, चौथ्यापर्यंत थांबणार नाही. प्रभुभोजनाचं राहिलं. काही जणी म्हणतात, 'मनात राग असताना घेतलं तर शिक्षा होईल', म्हणून मागेच बसून राहतात.

---

तापीकाठचा_पाळक

ताई, भीती १ करिंथ ११:२९ मुळे आहे (अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवतो), पण त्याआधीचं २८ वं वचन वाचून दाखवा : माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून दूर बसावं असं तिथे लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं मेजापासून लांब राहिल्याने राग कमी झाल्याचं दिसत नाही. उलट 'तिच्यामुळे मी प्रभुभोजन घेत नाही' ही आणखी एक तक्रार तिच्या नावावर चढते.

प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी पाळकांनी मंडळीत सूचना द्यावी, म्हणजे भेटायला वेळ मिळतो. भेटायला मधल्या वारी जावं. रविवारी मंडळीच्या दारात नको, तिथे चार जणी कान देऊन उभ्या असतात. एकटीने किंवा एका शांत बाईला सोबत घेऊन, पोरांशिवाय, आणि घरात कुणी प्यालेलं असेल त्या वेळी नाही. जिथे मारहाणीचा धोका आहे तिथे ही भेट मुळीच करायची नाही.

बोलायचं ते फक्त आपल्या वाट्याचं : 'मी तुमच्याबद्दल चार घरी बोलले, ते चुकलं, मला क्षमा करा.' वाक्य तिथेच संपवायचं. 'पण तुम्हीसुद्धा' जोडलं की माफी राहत नाही, भांडणाची दुसरी फेरी सुरू होते. तिची चूक दाखवायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, मत्तय १८:१५ प्रमाणे. ती गुजरातला गेली असेल तर फोनवर बोला. व्हॉट्सॲपवर लिहू नका, आवाज रेकॉर्ड करूनही पाठवू नका. असे निरोप पुढे पाठवले जातात आणि माफीचाच पुरावा करून भांडण वाढवतात.

दार उघडलं नाही, फोन ठेवून दिला, तर रोम १२:१८ : जितकं तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. तुमच्याकडून झालं. त्या रविवारी मेजाशी या आणि भाकर घ्या. तीही त्याच रविवारी आली आणि दोघी एकाच बाकावर बसायला अजून तयार नसतील, तर वाढणाऱ्या वडिलांना आधीच सांगून ठेवा. दोन बाकांवर दोघींना वाढता येतं.